वाक्यात उपयोग

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या त्या बाईला गल्लीतले सगळे मशीनमावशी म्हणत. चावीवाला आणि छत्रीवाला यांच्या मधलं दुकान तिचं. दुकान म्हणजे पुढची खोली. मागची खोली राहायची, पण तिथेही मशीनं इतकी साठली होती की पलंगापर्यंत जायला अंग चोरावं लागे. कुणाचं मशीन टाके सोडतंय, कुणाचं दोरा खातंय, कुणाचं नुसतंच खडखडतंय आणि कापड पुढे सरकत नाही. मावशी चाक एकदा हाताने फिरवायची, कान द्यायची आणि निदान सांगायची. साठी उलटली होती, एक गुडघा कुरकुरत होता, पण जिभेला गंज नव्हता. चावीवाला म्हणायचा, मावशीच्या तोंडाला पट्टा जोडला तर गल्लीतली सगळी मशीनं आपोआप चालतील.

तिला एकच मुलगा, आणि लहानपणी तो तिच्याही वरताण होता. गल्लीने त्याचं नाव रेडिओ ठेवलं होतं. शाळेतून आला की दप्तर खाली ठेवायच्या आत अख्ख्या वर्गाची खबर सांगून मोकळा. बाप मशीन उघडून बसलेला असायचा आणि हा शेजारी बसून बोलत राहायचा. बापाचा स्वभाव अबोल. तो मान वर न करता अधूनमधून फक्त 'मग?' म्हणायचा, आणि त्या एका 'मग?'वर पोराचा अर्धा तास निघायचा. मावशी पडद्याआड स्वयंपाक करता करता ऐकायची. गोष्टीत दम असो नसो, ऐकत राहावंसं वाटायचं.

मुलगा तेरा वर्षांचा असताना बाप गेला. मावशीने नवऱ्याच्या शेजारी बसून जे काही पाहिलं होतं तेवढ्या भांडवलावर दुकान चालवायला घेतलं. दोन वर्षांनी परदेशात राहणाऱ्या दिराचा निरोप आला. त्याला मूलबाळ नव्हतं, तिथे तो लिफ्ट बसवायची आणि दुरुस्त करायची कामं करायचा. पुतण्याला माझ्याकडे पाठव, शिकवतो, हाताला हुन्नर देतो, असं त्याचं म्हणणं. मुलगा जायला तयार नव्हता. पाठवला तो मावशीनेच. दोन-चार वर्षांचा तर प्रश्न, असं ती सगळ्यांना सांगत होती आणि स्वतःलाही. तीन वर्षांत तो दीरही गेला. त्याची बायको तिकडचीच, ती आपल्या माहेरच्या गावी निघून गेली. मुलगा त्या परक्या शहरात एकटा उरला, कामाला लागला, आणि दोन-चारची बावीस वर्षं झाली. मधे एकदाच, अकरा वर्षांपूर्वी, आठ दिवसांसाठी आला होता. आठही दिवस त्याने दुकानाला रंग दिला, दारं घासून नीट बसवली, विजेच्या तारा बदलल्या. बोलला फारच थोडं. मावशीने मनाशी म्हटलं, माणूस लांब राहिला की लांबचाच होतो.

दर रविवारी सकाळी नऊला दुकानातला फोन वाजायचा. तिकडे तेव्हा दुपार असायची.

"आई, कशी आहेस? जेवण वेळेवर घेतेस ना? गुडघा काय म्हणतो? मशीनं किती आली या आठवड्यात? बाकी काय विशेष?"

हेच पाच प्रश्न, याच क्रमाने, वर्षानुवर्षं. बोलणं स्वच्छ, कुठे खोट काढायला जागा नाही. मावशी प्रत्येकाचं सविस्तर उत्तर द्यायची, गुडघ्यावरून चावीवाल्याच्या मेहुण्यावर जायची. तो हं हं करायचा. मग ती विचारायची, तुझं काय? तो म्हणायचा, माझं छान चाललंय. पुढे एक पोकळी यायची. ती पोकळी मावशीला सोसायची नाही. त्याला काम असेल असं समजून तीच म्हणायची, बरं, ठेवू का? तो म्हणायचा, हो, काळजी घे. चार मिनिटं, फार तर पाच. फोन ठेवून मावशी मशीनकडे वळायची आणि त्या दिवशी तिच्या हातून हमखास एखादा स्क्रू हरवायचा.

चार वर्षांपूर्वी त्याने तिकडच्याच एका मुलीशी लग्न केलं. फोटो आला. उंच, नाकावर चष्मा, हसताना डोळे मिटणारी. ती एका मोठ्या रुग्णालयात तपासणीसाठी रक्त काढायचं काम करायची. मावशीने मुलाला सांगितलं, जरा सूनबाईला दे फोन. भाषा येत नसल्यामुळे दोघी एकमेकींना नुसतंच हॅलो हॅलो करून हसल्या. पण वर्षभराने एका बुधवारी दुपारी अवेळी फोन वाजला आणि पलीकडून एक बायकी आवाज अगदी जपून, एकेक शब्द ठेवल्यासारखा म्हणाला, "नमस्कार. मी सूनबाई आहे. आपण जेवलात काय?"

सूनबाई हे आपलं इकडचं नाव आहे, अशी तिची समजूत झाली होती. मावशीने ती मोडली नाही.

बुधवारी तिला सुट्टी असायची. पोस्टाने येणाऱ्या एका अभ्यासक्रमातून ती नवऱ्याची भाषा शिकत होती. पुस्तकं जुनी, आणि लिहिणारे बहुधा त्याहून जुने, त्यामुळे तिची भाषा सरकारी पत्रासारखी होती. ती 'भोजन' म्हणायची, 'तथापि' म्हणायची, एकदा तर सासूला 'आपली कृपाभिलाषी' म्हणून फोन ठेवला होता. मावशीने तिला आपणवरून तुम्हीवर आणलं. पुढे सूनबाई नवऱ्याचं ऐकून कधी कधी 'आई, तू' म्हणून जायची आणि ते मावशीला सगळ्यात गोड लागायचं. चुका करत, मधेच थांबत, हसत, ती अर्धा अर्धा तास बोलायची. तिच्या आजीची मांजर, रुग्णालयातला तिरसट डॉक्टर, खिडकीतून दिसणारा पूल, सगळं मावशीला ठाऊक झालं. मुलाच्या घराचं दार कोणत्या रंगाचं आहे हेही तिला सुनेकडूनच कळलं. मुलाने ते बावीस वर्षांत सांगितलं नव्हतं, आणि विचारायचं तिलाही सुचलं नव्हतं.

अशाच एका बुधवारी सूनबाई म्हणाली की यावेळचा धडा अवघड आहे. पुढील शब्दाचा अर्थ सांगून पाच वाक्यांत उपयोग करा. शब्द होता 'ओघवता'. पुस्तकाच्या मागे अर्थ दिला होता, सहज वाहणारा. तिने वाक्यं तयारही केली होती आणि ती आता वाचून दाखवणार होती.

"एक. आमच्या स्वयंपाकघरातील नळ ओघवता आहे, म्हणून प्लंबर उद्या येणार. दोन. मला सर्दी झाली आहे, माझे नाक ओघवते आहे. तीन. काल एका आजोबांचे रक्त ओघवते नव्हते, म्हणून मी दुसऱ्या हाताला सुई लावली."

मावशीने हातातला पेचकस खाली ठेवला आणि पोट धरून हसली. छत्रीवाला दारात डोकावून गेला. पलीकडे सूनबाईही हसत सुटली, का ते न कळताच. मग मावशीने समजवायला घेतलं. अगं, नळ गळतो. नाक वाहतं. घाम निथळतो, मेण ओघळतं, भिंत पाझरते, दूध उतू जातं, आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं तर ते घळाघळा येतं. सूनबाई लिहून घेत होती. मधेच तिने विचारलं की तुमच्याकडे पाण्याला इतकी कामं, मग ओघवतं काय असतं?

मावशी अडली. असलं काही आजवर तिला कुणी विचारलं नव्हतं. बोलणं असतं, ती म्हणाली. लिहिणंही असतं. नळ का नसतो ते मात्र मला विचारू नकोस, मी मशीनवाली. कुणाला तरी विचारून पुढच्या बुधवारी सांगते.

विचारायला माणूस आयताच आला. समोरच्या इमारतीत राहणारे निवृत्त मास्तर बायकोचं मशीन घेऊन आले होते. तेल घालून होईपर्यंत ते स्टुलावर बसले आणि मावशीने प्रश्न टाकताच त्यांची कळी खुलली. चाळीस वर्षं त्यांनी मुलांना भाषा शिकवली होती आणि निवृत्तीनंतर एकानेही त्यांना शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. ते म्हणाले, ओघ म्हणजे प्रवाह, धार. ज्या बोलण्यात ओघ आहे ते ओघवतं. ऐकणारा त्याच्याबरोबर वाहत जातो, त्याला वल्हं मारावं लागत नाही.

मावशीने विचारलं, "म्हणजे न अडखळता बोलणं, असंच ना?"

"नाही, नाही. ते अस्खलित," मास्तर म्हणाले. "त्यात नुसतं अडखळत नाही एवढंच सांगितलंय. पाठ केलेलं भाषणसुद्धा अस्खलित असतं हो. पोरं स्पर्धेत घडाघडा म्हणतात, एक चूक नाही, आणि आपण जांभया देतो. ओघ वेगळा. ओघ आतून यावा लागतो. माझे वडील बोलताना दहा ठिकाणी थांबायचे, पण उठून जायची कुणाची छाती नव्हती."

मशीन घेऊन जाता जाता त्यांनी एक वाक्यही दिलं, वक्त्याच्या ओघवत्या वाणीने श्रोते मंत्रमुग्ध झाले. मावशीने ते बिलाच्या पाठीवर लिहून घेतलं, पण तिला ते काही रुचलं नाही. वक्ता कोण, श्रोते कोण, कशाचाच पत्ता नाही. आपल्या सुनेला आपण आपल्या घरातलं वाक्य द्यावं, असं तिला वाटलं. आठवडाभर मशीन उघडताना, जोडताना ती ते मनात जुळवत होती.

बुधवारी फोन आला. मावशीने मास्तरांनी सांगितलेलं सगळं आधी सांगितलं, मग म्हणाली, "आता माझं वाक्य लिही. माझा मुलगा लहानपणी इतकं ओघवतं बोलायचा की हातातलं काम सोडून ऐकत राहावंसं वाटे."

पलीकडे पेन चालल्याचा आवाज आला आणि मधेच थांबला. सूनबाईने विचारलं, कोणता मुलगा? मावशी म्हणाली, अगं बाई, मला आहेत किती? तुझाच नवरा.

सूनबाईने लिहिलेलं तेवढं पुन्हा वाचून पाहिलं. मग म्हणाली, तो बोलायचा? तिच्या भाषेतही तो कमीच बोलतो, ती म्हणाली, कामापुरतं. आणि रविवारी तर त्याला भीती असते.

"कसली भीती?"

"फोनची. सकाळपासून तो जेवत नाही नीट. कागद घेऊन फिरतो."

मावशीला वाटलं, शब्दाची गफलत झाली असेल. कसला कागद, तिने विचारलं. सूनबाई अगदी सरळपणे सांगत होती, त्यात लपवण्यासारखं काही आहे हे तिच्या ध्यानातही नव्हतं. एरवी फोनच्या वर भिंतीवर तो कागद लावलेला असतो. तिने भाषा शिकायला सुरुवात केली ती त्या कागदावरूनच, पुस्तकं नंतर आली. आत्ताही तो समोरच आहे. आणि तिने वाचायला घेतलं.

"आई, कशी आहेस. जेवण वेळेवर घेतेस ना. गुडघा काय म्हणतो. मशीनं किती आली या आठवड्यात. बाकी काय विशेष."

मावशी दुकानातल्या स्टुलावर हळूच बसली.

खाली आणखी शब्द आहेत, सूनबाई म्हणाली. आठवड्यात त्याला मधेच एखादा आठवतो, कामावर, बसमध्ये, अंघोळ करताना. आठवला की तो येऊन लिहितो. नाहीतर शब्द परत जातो, असं तो म्हणतो. तिने तेही वाचले. चिमटा. उंबरा. भोवरा. फडताळ. आतेभाऊ. रुसणे. एका शब्दापुढे त्याने प्रश्नचिन्ह काढलं होतं, कारण तो बरोबर आहे की नाही याची त्याला खात्री नव्हती, आणि विचारणार कुणाला?

"मला विचारायचं," मावशी म्हणाली.

तू हसशील म्हणून विचारत नाही, सूनबाई म्हणाली. आणि लगेच तिने विचारलं, तर मग मी हे वाक्य लिहू की नको? मावशीने सांगितलं, लिही. खरं आहे ते.

फोन ठेवल्यावर त्या दिवशी मावशीने दुकानाचं दार अर्धं लोटून घेतलं. तिला एक जुना रविवार आठवला होता. मुलगा तेव्हा वीस वर्षांचा असेल, काका जाऊन दोन वर्षं झालेली. त्या काळात तो फोनवर पुष्कळ बोलायचा, आणि रेडिओचा फोन म्हणून शेजारीपाजारीही दुकानात जमायचे. त्या दिवशी तो म्हणाला होता, आई, इथे सकाळपासून पाऊस सांडतोय. मावशी खदखदून हसली. फोन हातात तसाच धरून तिने गल्लीला ऐकवलं, ऐका, ऐका, आमच्या साहेबांकडे पाऊस सांडतो. सगळे हसले. छत्रीवाला ओरडला, मग फडकं पाठवा पुसायला. पलीकडे मुलगाही थोडंसं हसला होता. छत्रीवाल्याने तो विनोद महिनाभर पुरवला, आणि पुढच्या रविवारपासून मुलाला नेहमी काहीतरी काम असायचं.

तिने कधी या दोन गोष्टींची गाठ घातली नव्हती. सुनेच्या नाकाला ती गेल्याच बुधवारी हसली होती आणि सूनबाई तिच्याबरोबर हसली होती. सुनेचं ठीक होतं. तिला चुका करायची मुभा होती, ती दुसऱ्या घरून आली होती. मुलाला मुभा कुणी दिली होती? जी भाषा त्याने आईच्या दुधाबरोबर घेतली ती त्याच्या तोंडातून निसटत चालली होती, आणि ती निसटतेय हे आईला कळू नये म्हणून तो मूठ आवळून पाच वाक्यं सांभाळत बसला होता. चूक एकही न करता. आणि ती गल्लीभर सांगत फिरत होती की पोरगा परका झाला, तोंडात गुळणी धरून बसतो.

रविवारपर्यंतचे चार दिवस कसे गेले ते तिचं तिला ठाऊक. हे आपल्याला कळलंय, असं मुलाला सांगायचं नाही, एवढं तिने पक्कं ठरवलं. त्यापुढे काय करायचं ते ठरत नव्हतं. तिने तीन-चार वेळा बोलणं जुळवून पाहिलं आणि मग तिच्या लक्षात आलं की आपणही तेच करतोय.

नऊला फोन वाजला. मुलाने विचारलं, आई, कशी आहेस. जेवण. गुडघा. मशीनं. बाकी काय विशेष. या खेपेला मावशीने आपली उत्तरं आखूड ठेवली, चावीवाल्याच्या मेहुण्याला दारातच ठेवलं. मग म्हणाली, तुझं सांग. तो म्हणाला, माझं छान चाललंय. आणि नेहमीची पोकळी आली.

मावशीच्या तोंडाशी 'ठेवू का' आलं होतं. तिने ते गिळलं. समोरच्या मशीनचं चाक तिने हातात धरून ठेवलं, फिरवलं नाही. पलीकडे श्वास ऐकू येत होता. चावीवाल्याकडे कानस चालत होती, ती थांबली आणि पुन्हा सुरू झाली. एवढा वेळ न बोलता मावशी आयुष्यात कधी बसली नव्हती.

"आई? आहेस ना?" मुलाने विचारलं.

"आहे. मला काही घाई नाही रे. आज दुकान उशिरा उघडणार आहे."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "काल आम्ही कपाट आणलं."

मावशी म्हणाली, "मग?"

हे तिचं नव्हतं, नवऱ्याचं होतं. तिच्या तोंडून कसं निघालं ते तिलाही कळलं नाही. मुलगा थोडा थांबला, आणि मग हळूहळू सांगायला लागला.

कपाट मोठं होतं. जुनं, लाकडाचं. एका म्हाताऱ्या बाईने विकलेलं. ते तिसऱ्या माळ्यावर न्यायचं, आणि इमारतीतली लिफ्ट बंद. इथे तो थांबला. मग म्हणाला, लिफ्टवाल्याच्याच घरची लिफ्ट बंद, आणि पुढचं त्याच्या तोंडून असं सुळकन आलं की दोघंही चपापली. "दिव्याखाली अंधार."

तो हसला, हे मला येतं अजून, असं काहीसं पुटपुटला. मावशीला खूप काही बोलायचं होतं, ती एवढंच म्हणाली, मग?

मग त्याने आणि सूनबाईने ते जिन्यावरून चढवलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या माळ्याच्या मधे, जिथे जिना वळतो तिथे, ते अडकलं. वर जाईना, खाली येईना. एक बाजू भिंतीला आणि दुसरी... तो अडला. दुसरी बाजू त्या ह्याला, जिन्याला असतं ते, हात ठेवतो आपण. मावशीला शब्द ठाऊक होता, जिभेच्या टोकावर येऊन उभा होता. तिने चाक घट्ट धरलं. पलीकडे तो शोधत होता. दार नाही, गज नाही. मग म्हणाला, "कठडा. कठडाच ना?"

"कठडाच."

कठड्याला अडकली. आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा कुत्र्याला फिरवून परत आले, ते खालीच राहिले. त्यांना घरी जाता येईना. ते पायरीवर बसले, कुत्रा त्यांच्या शेजारी बसला. सूनबाई कपाटाच्या वरच्या बाजूला कोंडलेली, हा खालच्या बाजूला. दोन तास. तिने कपाटाच्या वरच्या फटीतून त्यांना बिस्किटं दिली. ती कुत्र्याने खाल्ली. चार वर्षं आजोबा जिन्यात भेटायचे आणि मान हलवायचे, कधी बोलले नव्हते. काल बोलले. त्यांचं आयुष्य नाटकातल्या लोकांचे केस... केस लावायचं काम करण्यात गेलं होतं. टोप, तो स्वतःच म्हणाला. शेवटी आजोबांनी खालच्या माळ्यावरून करवत मागून आणली आणि कपाटाचे पाय कापले. आता कपाट घरात आहे, पण बुटकं झालंय, आणि कुत्रा त्याला ओळखतो, आला की वास घेतो.

सांगताना तो वीस ठिकाणी थांबला असेल. क्रियापदं मागेपुढे झाली, करवत पुल्लिंगी झाली, बिस्किटांना त्याने एकदा सूनबाईच्या भाषेतला शब्द वापरला आणि त्याला कळलंही नाही. कुणी लिहून काढलं असतं तर मास्तरांनी लाल शाईने पान रंगवलं असतं. मावशी मात्र त्या जिन्यावर बसली होती, आजोबांच्या एक पायरी खाली. बिस्किटं कुत्र्याने खाल्ली तेव्हा ती हसली आणि हसताना क्षणभर घाबरली, पण तोही हसत होता, बापासारखा, घशातल्या घशात. या हसण्याची आणि तिची नीट गाठच पडली नव्हती. गेला तेव्हा त्याचा आवाज नुकता फुटत होता.

तेवढ्यात दाराशी एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं. मावशीने त्याला हातानेच नंतर या म्हणून सांगितलं. घड्याळात दहाला पाच कमी होते.

त्यानंतरचे सगळेच रविवार असे झाले असं नाही. पुढच्याच रविवारी तो पुन्हा पाच प्रश्नांवर थांबला आणि पोकळी पोकळीच राहिली. मावशीने वाट पाहिली, मग त्यानेच म्हटलं, ठेवतो. त्याच्या पुढच्या वेळी त्याने कामावरच्या एका अपघाताचं सांगायला घेतलं आणि शब्द न सापडल्याने मधेच सोडून दिलं. तिने विचारलं नाही. दोन रविवारांनी त्याने ते जिथे सोडलं होतं तिथून पुढे सांगितलं. सूनबाईला तिच्या वाक्यांबद्दल दहापैकी सात गुण मिळाले होते. आजोबांच्या रक्ताचं वाक्य तपासणाऱ्यांनी खोडलं होतं, मावशीचं वाक्य ठेवलं होतं, आणि समासात विचारलं होतं, आता बोलत नाही का? हे आपल्याला विचारलंय की तेही व्याकरणच आहे, हे सूनबाईला कळेना. मावशी म्हणाली, त्यांना लिही, बोलतो, पण सवडीने.

मावशीला वाटलं होतं की आता बरं वाटेल. तसं झालं नाही. इतकी वर्षं तिला आठवण यायची ती एका पंधरा वर्षांच्या पोराची, आणि ती आठवण जुन्या गुडघेदुखीसारखी अंगवळणी पडली होती. आता आठवण यायला लागली ती सदतीस वर्षांच्या एका माणसाची, जो कपाटं आणतो, शेजाऱ्यांशी बोलायला चार वर्षं लावतो आणि घशातल्या घशात हसतो. हा माणूस तिने धड पाहिलाही नव्हता. अकरा वर्षांपूर्वी तो आठ दिवस याच खोलीत होता, दाराला रंग देत, आणि तिने त्याला एकदाही नुसतं 'मग?' म्हटलं नव्हतं. दुपारी काम करता करता तिचा हात थांबायचा. गिऱ्हाईकाला वाटायचं, मावशी मशीनचा आवाज ऐकतेय.

एका रविवारी तिने जे कित्येक वर्षांत विचारलं नव्हतं ते विचारलं. कधी येशील?

रजा, तिकीट, सूनबाईची परीक्षा, असं काहीतरी तो मनात जुळवत असावा. मग म्हणाला, "पुढच्या वर्षी, थंडी संपली की. आई, मी आलो."

येईन म्हणायचं होतं त्याला, काळ चुकला होता. की आतल्या खोलीतून कुणी हाक मारली की आपण म्हणतो तसं म्हणाला, आलो, आलो? मावशीने विचारलं नाही आणि दुरुस्तही केलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने चावीवाल्याला आणि छत्रीवाल्याला बोलावलं आणि मागच्या खोलीतली मशीनं बाहेर काढायला सुरुवात केली. थंडी अजून सुरूसुद्धा झाली नव्हती. छत्रीवाल्याने विचारलं, एवढी काय घाई आहे मावशी, अख्खी थंडी जायचीय अजून. मावशीने त्याला मशीनची जड बाजू उचलायला दिली आणि म्हणाली, दोन माणसांना झोपायला किती जागा लागते ते आधी बघू दे.

संध्याकाळपर्यंत नऊ मशीनं निघाली. फरशी दिसू लागली. तिथे ती बराच वेळ उभी राहिली, मग पलंगाशेजारची ती मोकळी जागा तिने पावलांनी मोजली, एकदा लांबीला आणि एकदा रुंदीला.